सातनंतर बाया नकोत

४ डिसेंबर १९४८, शनि.
भुईमुगाच्या शेंगांच्या कारखान्यात आज पाटी लागली. सरकारी माणूस येऊन लावून गेला. फाटकाच्या आत, चपला काढतो तिथल्या भिंतीवर. बायांत वाचता येणारी मी एकटी, म्हणून सगळ्या भोवती गोळा. रखमाक्का म्हणाल्या, "यमे, मोठ्यानं वाच." वाचलं. संस्थान गेलं, आता मुंबईचा कायदा सांगलीलाही लागू. बाईमाणसाला संध्याकाळी सातनंतर कामावर ठेवायचं नाही, सकाळी सहाच्या आत बोलवायचं नाही. दिवसाचे तासही ठरलेले.
मग रखमाक्काच म्हणाल्या, "म्हंजी आता हातातलं काम काढून घेणार. आसंच की न्हाई?"
आमची मजुरी वजनावर. जेवढे दाणे निवडू तेवढी. आता रात्री नऊपर्यंत बसतो तेव्हा कुठं भागतं.
घरी येऊन सासूबाईंना काही सांगितलं नाही.

७ डिसें., मंगळ.
दिवसभर एकच विषय. मी बसते तिथं डाव्या हाताला रखमाक्का, उजवीकडं जैनब. दोघींचं माझ्या डोक्यावरून चाललेलं.
जैनबचं मूल अंगावरचं. दिवे लागले की तिच्या चोळीला पाझर फुटतो, पदर घट्ट ओढून बसते. घरी जाते तेव्हा पोरगं रडून झोपलेलं. ती म्हणाली, "सातला सोडलं तर पोर जागं घावंल मला."
रखमाक्का : "जागं पोर काय मागतंय? भाकरीच मागतंय."
जैनब : "न्हाई आक्का. माझं तर अजून दूधच मागतंय."
रखमाक्कांच्या घरी दोन नातवंडं, आईवेगळी. मुलगा कोयनेकडं रस्त्याच्या कामाला गेला तो पाटणलाच राहिला, दुसरं घर केलं म्हणतात. म्हातारपणी त्या पोरांना पोसायचं आक्कांनाच. म्हणजे दोघींचंही खरंच आहे.
माझं काय, मलाच ठरत नाही. लेकीचा, शशीचा अभ्यास घ्यायला मिळेल. पण निवडलेले दाणे कमी भरले तर? लढाईला गेलेल्या ह्यांचा ब्रह्मदेशातून पत्ता नाही तो नाहीच. कपाळाला कुंकू लावते, पण घरात मिळवणारी मीच.

१० डिसें., शुक्र.
मुकादमानं काम थांबवून सगळ्यांना उभं केलं. "पाटी पाटीच्या जागी. काम नऊपोत्तर चालंल. जिला कायदा पायजे तिनं उद्यापासनं घरात बसावं. कायदाच जेवाया वाढंल."
माणसं हसली, पलीकडं मशीनवरची. आम्ही नाही.
जाता जाता म्हणाला, "सायब आलाच तर मी सांगंन तसं करायचं. इचारायचं न्हाई."
तेव्हापासून फाटक वाजलं की माझे हात सुपावरच थांबतात.

१६ डिसें., गुरु.
काल लिहिता आलं नाही.
काल कायदा तपासणारा सरकारी साहेब आला. दिवे लागून बराच वेळ झाला होता. पहारेकरी पळत आला, मुकादमाच्या कानाला लागला. मुकादम ओरडला, "उठा! सुपं टाका, आत व्हा!" मशीन बंद केलं.
आत म्हणजे टरफलांची खोली. मशीन शेंग फोडतं, दाणे खाली पडतात आणि टरफल पंख्याच्या वाऱ्यानं पत्र्याच्या नळातून त्या खोलीत जातं. गाड्या भरून वीटभट्टीला नेतात. खोलीला खिडकी नाही. अर्धी भरलेली होती. आम्हा सगळ्यांना मेंढरांसारखं ढकललं आणि बाहेरून कडी.
काळोख. गुडघाभर टरफलं. शेजारी कोण ते दिसेना, नुसते श्वास.
बाहेर बुटांचा आवाज. साहेब : "बायका कुठं आहेत?" मुकादम : "सातलाच सोडल्या, सायेब." थोडं बोलणं झालं, ऐकू आलं नाही. मग साहेब म्हणाला, "मशीन चालवून दाखवा."
आणि चालवलं.
आधी नळात घुर्र असं झालं. मग आलंच अंगावर. डोळ्यांत, नाकात, तोंडात. सुपातनं कोणी तोंडावर पाखडावं तसं, पण थांबेचना. श्वास घेतला की आत धूळ. कुणीतरी किंचाळली. रखमाक्कांनी तिचं तोंड दाबलं. "वरडू नगा. कुणी वरडू नगा गं बायांनो. आज वरडलो तर उद्या चूल न्हाई."
मग त्या चढल्या. ढिगावर हातापायांनी चढून थेट नळाच्या तोंडाखाली गेल्या, पाठ तिकडं केली, पदर डोक्यावरून पसरला आणि तशाच वाकून राहिल्या. त्यांच्या अंगावर आपटून टरफल बाजूला पडायला लागलं. आमच्याकडचा लोंढा जरा कमी झाला.
मी दाराशी होते. मूठ फळीवर. साहेब पलीकडंच. जैनब कानाशी म्हणत होती, "यमू, मार की. मार." मशीनच्या आवाजात ऐकू गेलं असतं की नाही, देव जाणे. मूठ आपटली नाही. तिनंही आपटली नाही.
कडी निघाली तेव्हा सगळ्या बाहेर पडल्या, रखमाक्का नाहीत. ओढून काढलं. ओठ निळे, डोळे वर, छातीतून शिट्टीसारखा आवाज. मुकादम म्हणाला, "पाणी मारा." मग म्हणाला, "रस्त्यात घेरी आली म्हणून सांगायचं. समजलं का?"
टांग्यातून घरी नेलं.

१७ डिसें., शुक्र.
कामाला गेले. न जाऊन काय करणार.
रखमाक्कांच्या जागी दुपारी दुसरी बाई बसवली. तिनं सूप हातात घेतलं आणि विचारलं, "हितं कोण बसायचं?"

१९ डिसें., रवि.
जैनब आणि मी रखमाक्कांकडं गेलो. त्यांना आडवं होता येत नाही. वाकळांचा ढीग पाठीशी करून बसल्यात. वैद्यानं अडुळसा दिलाय. नातवंडं कोपऱ्यात, आवाज न करता.
एकेक शब्द तोडून बोलतात. म्हणाल्या, "ह्ये समदं त्या कायद्यानं केलं. कायदा नव्हता तवा आमाला कोण कोंडत हुतं?"
जैनब म्हणाली, "आक्का, कडी कायद्यानं लावली न्हाई. मुकादमानं लावली."
रखमाक्का हसायला गेल्या आणि खोकला आला. थांबेना. मी पाठ चोळत राहिले. खोकल्यातून टरफलाचा तांबडा कोंडा पडला, अजून.
निघताना माझा हात धरला. "यमे, कुनाला सांगू नगंस. हंगाम सरूस्तवर तरी न्हाई. बाकीच्या बायांच्या पोटावर माझ्यापायी पाय नगं."

२३ डिसें., गुरु.
सकाळी सासूबाई अंगणात तांदूळ पाखडत होत्या. मी मागून आले, सुपाचा आवाज ऐकला आणि ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. शशी घाबरून रडायला लागली.
मग सा.बाईंना सगळं सांगावं लागलं. ऐकून घेतलं. सूप खाली ठेवलं. म्हणाल्या, "सरकारच्या कागदानं माझा ल्योक नेला. दुसऱ्या कागदानं त्यो कुटं हाय ते ठावं न्हाई म्हणून कळीवलं. आता तिसऱ्या कागदासाठनं तू तोंड उघडनार?"
मी म्हणाले, नाही उघडणार.
"मग वरडू नगंस," म्हणाल्या.
कारखान्यात मशीन सुरू झालं की डोळे नळाकडं जातात. दाणे निवडताना खडे राहतात.

२६ डिसें., रवि.
इंजिन बिघडलं म्हणून काम बंद. बाया धुणं घेऊन कृष्णेवर जमल्या. ठरवून नाही, पण ठरवल्यासारखं. आपटणी थांबवून सगळ्या बोलायला लागल्या.
जैनबचा नवरा शिंपी. साहेबाच्या कचेरीतल्या कारकुनाचे कपडे शिवतो. त्याच्याकडून कळलं की साहेब पुन्हा येणार, नव्या वर्षात. त्या दिवशी फाटकाशी बायकांच्या चपला साहेबानं पाहिल्या होत्या. बाया सातला गेल्या तर अनवाणी गेल्या का, असं तो कचेरीत बोलला म्हणे.
मग एकच कल्ला. एकजण म्हणाली, सांगून टाका. दुसरी म्हणाली, सांगितलं की शेठ कारखान्याला कुलूप लावेल आणि हंगाम बुडेल. एक म्हातारी म्हणाली, सातला सोडा पण दर वाढवा, नाहीतर कायदा चाटायचा का.
सोनाबाईही निवडायला आमच्यातच. हिच्या नवऱ्याचं पिणं सगळ्यांना ठाऊक. खाली बघून म्हणाली, "मला नऊच बरं हाय. नऊला जाती तवा त्यो पडल्याला असतो. सातला गेली तर उभा असंल."
शेजारणीनं तिच्या पिळ्याचं दुसरं टोक धरलं.
शेवटी जैनब म्हणाली, "तास किती त्ये मागनं बघू. आदी कडी. बाईमानसाला कोंडायचं न्हाई, येवढं तरी समद्यांचं एक हाय का न्हाई?" ह्याला सगळ्यांनी मान हलवली. सोनाबाईनंही.
बोलायचं कुणी? सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. पाटी वाचली हाच माझा गुन्हा. मी पिळे उचलले आणि निघाले. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

३० डिसें., गुरु.
हे लिहिताना दाराला कडी घातलीये, तरी मागं वळून बघते.
संध्याकाळी काम लवकर सुटलं. घरी आले तर मुकादम आमच्या कट्ट्यावर. शेजारी शशी, बत्तासा चघळत. सा.बाई पाणी आणायला गेलेल्या.
"पोरगी हुशार हाय," म्हणाला. "शाळंला एकटीच जाती व्हय?"
मी शशीचा हात धरून तिला जवळ ओढलं. शशीच म्हणाली, "हो, एकटी जाते. पारावरून."
तो उठला, धोतर झटकलं. "तुमाला वाचाया येतं म्हणून शेठजींना लय कौतुक हाय, यमुनाबाई. जपून ऱ्हावा."
बस्स, एवढंच. शिवी नाही, आवाज चढवणं नाही. तो बोळाच्या टोकाला दिसेनासा झाल्यावर शशीच्या तोंडातला बत्तासा काढून टाकला. पोर रडली. मी तिला मारलं.

३ जाने. १९४९, सोम.
शशीला शाळेत सा.बाई पोचवतात, आणतात. कारण विचारत नाहीत, पण काठी घेऊन जातात.
जैनबला सांगितलं, माझ्याच्यानं होणार नाही. पोरीचं भय वाटतं. ती म्हणाली, "बरं." दिवसभर तेवढंच. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.
संध्याकाळी रखमाक्कांकडं जाऊन आले. पाय सुजलेत. मला बघून मान हलवली.

६ जाने., गुरु.
साहेब आला. ह्या वेळी भरदिवसा, मशीन चालू असताना. दरवर्षी नदीला पूर येतो तेव्हा पाणी पायरीपायरीनं वर चढतं, तशी भीती चढत होती.
आम्हाला ऑफिसात बोलावलं. शेठ गादीवर, मुकादम दाराशी, आम्ही भिंतीला लागून. साहेब वयानं फार नाही, घाम पुसत होता, घाई दिसली. म्हणाला, "सातनंतर इथं कुणी बाई काम करते का?"
बायांनी पदर पुढं ओढले.
"मागच्या वेळी फाटकाशी चपला होत्या. कुणाच्या?"
मुकादम खाकरला.
जैनब म्हणाली, "सायब..." आणि तिचा आवाज बसला. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर मी बोलले नसते, असं वाटतं.
मी म्हणाले, "आमच्या होत्या. आम्ही टरफलाच्या खोलीत होतो. बाहेरून कडी होती. तुम्ही मशीन चालवायला सांगितलंत तेव्हा आत होतो."
साहेबाचा हात थांबला. चेहरा उतरला. "मी सांगितलं तेव्हा?"
"हो."
"आवाज का नाही दिलात?"
मी म्हणाले, "काम जाईल म्हणून."
कुणी कोंडलं विचारलं. मुकादमाकडं बघायची छाती होईना, बोट केलं फक्त. रखमाक्कांचं सांगितलं. नळाखाली कशा उभ्या राहिल्या ते. मागून सोनाबाई म्हणाली, "खरं हाय." मग आणखी एकदोघी.
मग साहेबानं विचारलं, "तुमचं स्वतःचं म्हणणं काय? सातला सुटावं की नाही?"
पाटी लागली त्याला महिना झाला, हे आजपर्यंत कुणी विचारलं नव्हतं. नदीवर बायांचं ठरलं होतं ते फक्त कडीचं. तरी म्हणाले, "सातला सोडा साहेब. पण सातला सोडलेली बाई सकाळी परत आत घ्या. आणि दिवसाच्या कामात भागेल असा दर द्या. नाहीतर कायदा पाळला जाईल आणि आम्ही..."
साहेब म्हणाला, "दर माझ्या हातात नाही, बाई. माझ्या हातात तास आहेत."
मग उठून खोली बघायला गेला. नळाच्या तोंडाखाली बराच वेळ उभा होता. शेठ आमच्याकडं बघून हसले. ते हसणं डोळ्यांपुढून जात नाही.

७ जाने., शुक्र.
सातच्या आतच सोडलं. मुकादम एक शब्द बोलला नाही. जैनब जवळजवळ पळतच घरी गेली. मी लवकर आले म्हणून शशी खूश, पाढे म्हणून दाखवले. मला एकही ऐकू आला नाही. बाहेर कुत्रं भुंकलं तरी उठून बघत होते.
एवढी शांतता बरी नव्हे.

१० जाने., सोम.
आज कळलं शांतता कशाची.
सकाळी फाटक लावलेलं. मुकादम, तोच, कुणी काढला नाही त्याला, नावं पुकारायला लागला. "सातपोत्तर येवढ्याच पुरत्यात. सांजंला गडी घेनार. सरकारचा कायदा हाय, आमचा न्हाई."
पहिलं नाव माझं.
मग पुकारलेल्या एकेक आत. निम्म्या बाहेर राहिल्या. जैनब बाहेर. सोनाबाई बाहेर. ज्यांनी ज्यांनी 'खरं हाय' म्हटलं त्या सगळ्या बाहेर, फक्त मी सोडून.
आणि मी आत गेले. पाय गेले. सूप घेतलं, बसले. दोन्ही बाजूंच्या जागा मोकळ्या, रखमाक्कांच्या जागेवरची नवी बाईही बाहेरच. आतल्या बाया माझ्याशी बोलल्या नाहीत. बाहेरच्यांना काय वाटलं असेल ते सांगायला नकोच. सुटल्यावर सोनाबाई कोपऱ्यावर उभी होती. म्हणाली, "तुझं बरं जमलं गं." आणि थुंकली, माझ्यावर नाही, बाजूला.
शेठ काय करतायत ते कळतंय. मला काढलं असतं तर बाया माझ्या बाजूला आल्या असत्या. आता मुकादमापेक्षा बायांच्या डोळ्यांचं भय वाटतं.

११ जाने., मंगळ.
आजही पहिलं नाव माझं. आजही गेले.
परतताना रखमाक्कांकडं. मला बघून तोंड भिंतीकडं केलं. मी उंबऱ्याशीच बसले. न वळताच म्हणाल्या, "सोनी आलीती. कानातनं रगत येत हुतं तिच्या. सांजंचं घरात हुती म्हून मारलं."
मला रडू आलं. त्या म्हणाल्या, "रडाया कारखान्यात जा."
साहेबाचं पुढं काय झालं कुणाला ठाऊक नाही. लिहून वर पाठवलंय म्हणे. वर म्हणजे कुठं?

१२ जाने., बुध.
फाटकाशी गेले. बाहेर ठेवलेल्या बाया रस्त्याच्या कडेला बसलेल्या, रोज येऊन बसतात, कुणाला तरी बोलावतील म्हणून. जैनबच्या मांडीवर पोर. सोनाबाईनं कानाला फडकं बांधलेलं.
मुकादमानं पुकारलं. पहिलं नाव माझं.
मी जैनबशेजारी जाऊन बसले. ठरवून गेले नव्हते. तिनं माझ्याकडं बघितलं, मग सरकून जागा केली. सोनाबाईनं नाही केली.
दुसऱ्यांदा पुकारलं, ह्यांच्या नावासकट, मोठ्यानं. आता फाटकात शिरलेल्या बायाही थबकल्या, मागं वळून बघायला लागल्या. "यमुनाबाई, शेवटचं सांगतो. पुन्यांदा नाव घ्यायचो न्हाई."
मी पदराचं टोक हातात धरून बसून राहिले.
आत शिरलेल्यांपैकी एक परत फिरली. कोण ती, नीट ओळखही नाही. आमच्याकडं यायचं की नको असं करत फाटकाच्या मधोमध उभी राहिली. मुकादम तिला काहीतरी म्हणाला. ती तिथंच. तेवढ्यात आत मशीन सुरू झालं.
दुपारपर्यंत बसून होतो. मग एकेक उठलो. उद्याही यायचं असं जैनब म्हणाली. सोनाबाई कानावरचं फडकं सावरत निघून गेली.
शशीला काही दिवस माहेरी, कोरेगावला दादाकडं धाडावं असं मनात आहे. त्यासाठी आजचं सगळं सा.बाईंना सांगावं लागेल. त्या चुलीपुढं आहेत. दोनदा सांगायला म्हणून उठून आत गेले, पाणी पिऊन परत आले.